हिवाळ्यात गाईला घालायचं काय? अमेरिकेतल्या वैरणीची मागची गोष्ट

अमेरिकेत मांसासाठी पाळलेल्या गाईंना हिवाळाभर सुकं गवत घालतात, आणि ते महागलं की मग पर्याय शोधतात, असं आपण धरून चालतो. पण पश्चिमेकडच्या माळरानावर मुळात सुकं गवतच मागून आलंय. १८८० च्या आसपास मोंटाना, वायोमिंग, डकोटा या भागात हजारो जनावरं मोकळी सोडलेली असायची आणि हिवाळ्याची तयारी म्हणाल तर जवळपास शून्य, वाऱ्याने बर्फ उडेल, खालचं उभं वाळलेलं गवत गाई खातील, तिथले रानगवे (बायसन) जगायचेच की तसे, एवढाच हिशोब.

१८८६ चा उन्हाळा कोरडा गेला, माळ आधीच चरून बोडका झालेला. मग बर्फ लवकर सुरू झाला, जानेवारी १८८७ मध्ये एकामागून एक वादळं, आणि सगळ्यात वाईट म्हणजे मधे थोडं वितळून परत गोठलं, त्यामुळे वर काचेसारखा थर. गाईंना तो फोडताच येईना. काही रँचवर (गुरं पाळायच्या मोठ्या जागांवर) निम्मी जनावरं गेली, काही ठिकाणी त्याहून कितीतरी जास्त. पुढे राष्ट्राध्यक्ष झालेले थिओडोर रूझवेल्ट, त्यांचाही डकोटातला निम्म्याहून जास्त कळप गेला. मोंटानातल्या एका मालकाने कळप कसा आहे विचारलं तर तिथला गुराखी चार्ल्स रसेल (पुढे मोठा चित्रकार झाला) याने पत्राऐवजी एक छोटंसं चित्र पाठवून दिलं, बर्फात उभी हाडं निघालेली एक गाय आणि आजूबाजूला टपलेले लांडगे. वायोमिंगची स्वान नावाची बडी कंपनी त्याच वर्षी बुडाली.

यानंतर कुंपणं वाढली, गवताची कुरणं राखली जायला लागली, गंज्या लागल्या. १९७१ मध्ये आयोवातल्या पेला गावच्या गॅरी व्हर्मीअर यांनी मोठ्या गोल गासड्या बांधणारं मशीन काढलं, मग काय, एक माणूस एका ट्रॅक्टरवर सगळं गवत उरकायला लागला. काम सोपं झालं म्हणून सवय पक्की झाली असं माझं मत.

आता एक गोष्ट आपल्याकडच्या दूधवाल्यांनी आधी लक्षात घ्यावी. तिकडची मांसाची गाय हिवाळ्यात बहुतेक गाभण असते, वासरू वसंतात होतं. दूध काढायचं नाही, आधीचं वासरू दुधावरून तोडलेलं, म्हणजे निदान हिवाळ्याच्या पहिल्या भागात तरी फक्त तब्येत टिकवायची. ५५० किलोची गाय दिवसाला ११ ते १३ किलो सुका चारा खाते आणि तो थोडा हलका असला तरी निभावतं. म्हणून सुक्या गवताला पुढचे सगळे पर्याय शक्य झाले, आणि ते आले कुठून बघाल तर एक तर दुष्काळातून नाहीतर दुसऱ्या कुणाच्या उरल्यासुरल्यातून.

दक्षिण टेक्सासमध्ये फड्या निवडुंग. काटे आधी जाळावर भाजायचे, विसाव्या शतकाच्या सुरुवातीला त्यासाठी इंधनावर चालणारी भडका मारणारी टॉर्चच आली. पण निवडुंगात पाणीच जास्त, प्रोटीन नाही, म्हणून सोबत सरकीची पेंड, ती कापसाच्या तेल गिरण्यांमधून. १९३४ च्या दुष्काळात तर सरकारने ८० लाखांहून जास्त जनावरं विकत घेतली कारण चाराच नव्हता, आणि ज्यांनी ठेवली त्यातल्या अनेकांनी रशियन थिसल कापून घातलं. सिनेमात वाऱ्यावर गडगडत जाणारं ते काटेरी झुडूप! १८७० च्या दशकात रशियातून आलेल्या जवसाच्या बियाण्यात लपून डकोटात आलं होतं. कोवळं असताना कापलं तर चालतं, पण गाईंना जुलाब होतात.

मक्याच्या धाटांचं सगळ्यात सरळ. नेब्रास्कात कापणी झाली की त्याच शेतात गाई सोडतात, त्या आधी पडलेली कणसं, मग भुट्ट्यावरची साल, मग पानं खातात, धाट शेवटी. आपल्याकडे कडबा कापून, पेंढ्या बांधून आणून घालतात, तिकडे गाईलाच शेतात नेतात. पण दाणा जास्त सांडलेला असेल तर गाय अधाशासारखी खाते आणि पोटात आम्ल होतं, आणि दुष्काळी मक्यात नायट्रेट साठतं. कॅन्सासमधले पशुवैद्य मेयो यांनी नायट्रेटने गुरं मेल्याचं १८९५ मध्येच लिहून ठेवलंय.

गव्हाच्या काडाचं वेगळं. ते प्लास्टिकखाली झाकून साधारण ३ टक्के अमोनिया सोडतात, मग ते पचायला सोपं होतं. आपल्याकडे यालाच युरिया प्रक्रिया म्हणतात, १०० किलो काडाला ४ किलो युरिया पाण्यात कालवून तीन आठवडे झाकायचं, अमोनिया युरियातूनच सुटतो. चांगल्या गवतावर मात्र हा प्रयोग करायचा नाही, त्यात असं द्रव्य तयार होतं की गुरं वेड्यासारखी धावत सुटतात.

२००५ आणि २००७ च्या इंधन कायद्यांनंतर मक्यापासून इथेनॉल काढणारे कारखाने वाढले आणि मक्याचा चोथा ढिगाने यायला लागला. २५ किलो मक्यामागे अंदाजे पावणेआठ किलो सुका चोथा. प्रोटीन भरपूर, धाटांसोबत द्यायला एकदम बेस्ट, फक्त गंधक जास्त झालं तर मेंदूचा आजार होतो.

आणि कॅनडात, अल्बर्टाकडे, गोष्ट परत बर्फातच गेली. उशिरा पेरलेलं बार्ली किंवा ट्रिटिकेल (गहू आणि राय यांचा संकर) सप्टेंबरात कापून रांगांमध्ये तिथेच शेतात सोडून देतात, इलेक्ट्रिक तार थोडी थोडी पुढे सरकवतात आणि गाई नाकाने बर्फ बाजूला सारून खातात, पाण्याऐवजी बर्फच चाटतात. गासडी बांधणं, वाहून आणणं, शेण काढणं, सगळं वाचतं. पण मधेच पाऊस पडून वर थर गोठला की गाईचं नाक तिथेच अडतं, म्हणून हे करणारे लोकही थोड्या गासड्या राखून ठेवतात.