कोरियन विंग्ज घरी करताना: ओलं यांगन्यॉम की पाकातलं दाकगांगजाँग?

लाल, चकचकीत, वर तीळ नाहीतर शेंगदाण्याची भरड. यांगन्यॉम चिकन आणि दाकगांगजाँग ही कोरियन तळलेल्या चिकनची दोन रूपं: पहिलं ओल्या तिखट-गोड सॉसमधलं, दुसरं आटवलेल्या पाकातलं. फोटोत ती वेगळी ओळखू येत नाहीत. आपल्याकडे ‘कोरियन विंग्ज’ म्हणून ज्या कृती फिरतात, त्यांत तर दोन्हींची सरमिसळ असते. मग सॉस एकाचा आणि वाढायची वेळ दुसऱ्याची असं होतं, आणि पाहुणे ताटावर बसेपर्यंत मेहनतीने दोनदा तळलेलं आवरण भिजून सुटायला लागतं. फरक तिखटाचा नाहीच. वरच्या लेपात पाणी किती उरलं आहे यावर सगळं ठरतं. लेपात पाणी असेल तर चिकन लगेच आणि गरम खायचं, पाणी आटवलेलं असेल तर निवांत आणि गार.

यांगन्यॉमचं श्रेय साधारणपणे दक्षिण कोरियातल्या देगू शहरातल्या यून जोंग-ग्ये यांना दिलं जातं. 1980 च्या आसपासची गोष्ट. तळलेलं चिकन गार झालं की आवरण इतकं कडक व्हायचं की गिऱ्हाइकांच्या टाळूला टोचायचं, आतलं मांसही कोरडं लागायचं. त्यावर उपाय म्हणून त्यांनी तिखट-गोड सॉस करून पाहिला. चव काही जुळेना, तेव्हा शेजारच्या एका आजींनी मुल्यॉत घालायला सुचवलं, असं ते सांगत. मुल्यॉत म्हणजे स्टार्चपासून केलेला दाट, पारदर्शक, गोड पाक. ही हकिकत मला फार महत्त्वाची वाटते, कारण हा सॉस मुळात कडक आवरण मऊ करण्यासाठीच आला. तो लावलेलं चिकन दोन तास कुरकुरीत राहावं ही अपेक्षाच चुकीची आहे.

दाकगांगजाँगचा वारसा निराळा. गांगजाँग ही कोरियातली जुनी मिठाई: चिकट तांदळाच्या पिठाचे तुकडे तळून फुलवायचे आणि मधात किंवा धान्याच्या पाकात घोळवायचे. कुरमुऱ्याच्या लाडवात पाकाचं जे काम असतं, तेच इथे. पाक गार होताना आवळतो आणि आतला कुरकुरीतपणा धरून ठेवतो. दाकगांगजाँगमध्ये हीच रीत चिकनला लावली आहे. सोकचो शहरातला बाजार आणि इंचॉन शहरातला सिन्पो बाजार त्यासाठी प्रसिद्ध आहेत. सोकचोला गेलेले लोक खोकी भरून ते घरी नेतात, कारण गार झालं तरी त्याची मजा जात नाही.

आता आपल्या कढईकडे. तळण्यापर्यंतचं काम दोन्हींना सारखंच. आपल्याकडे चिकनच्या दुकानात पक्षी बहुतेक वेळा सोलूनच देतात. विंग्ज मात्र सालीसकट हवेत, तेव्हा आधीच सांगून ठेवा. तळताना सालीतली चरबी वितळते आणि आवरणाला खरा खुसखुशीतपणा तिथून येतो. सांध्यांवर कापून टोकं बाजूला काढा, सूपला उपयोगी पडतात. 1 किलो विंग्जना चमचाभर मीठ, मिरपूड आणि आलं-लसूण लावून अर्धा तास ठेवा. मग पुसून अगदी कोरडे करा आणि वाटीभर बटाट्याच्या स्टार्चमध्ये किंवा कॉर्नफ्लोअरमध्ये घोळवा. नुसता मैदा नको, त्याचं आवरण लवकर मऊ पडतं.

पहिलं तळण साधारण 160 अंशांवर, 8 ते 10 मिनिटं. यात मांस आतपर्यंत शिजतं. मग विंग्ज जाळीवर पसरून दहा मिनिटं विसावू द्या. कागदावर ठेवाल तर खालची बाजू स्वतःच्याच वाफेने ओली होते. या वेळात आतला ओलावा आवरणापर्यंत येतो आणि दुसऱ्या तळणात, 180 ते 190 अंशांवर तीन-चार मिनिटांत, तो उडून जातो. झाऱ्यातल्या विंग्ज हलवल्या की खडखड असा कोरडा आवाज यायला हवा. हे दुसरं तळण गाळलं, तर पुढे कितीही चांगला सॉस करा, उपयोग नाही.

इथून वाटा वेगळ्या होतात. यांगन्यॉमसाठी 3 मोठे चमचे गोचुजांग (आंबवलेली कोरियन मिरचीची पेस्ट), तेवढंच टोमॅटो केचप, 1 चमचा सोया सॉस, 1 चमचा व्हिनेगर, सात-आठ ठेचलेल्या लसूण पाकळ्या आणि पाव वाटीहून थोडा जास्त मुल्यॉत. मुल्यॉत नसेल तर लिक्विड ग्लुकोज किंवा मध चालतो. मंद आचेवर बुडबुडे आले की दोन मिनिटांत गॅस बंद. गोचुजांगमध्ये तिखट, चिकट तांदूळ आणि आंबवलेल्या सोयाबीनची पूड असते. ते जास्त वेळ उकळलं तर तळाला लागून कडवट होतं. त्याच्या जागी शेजवान सॉस घालू नका. तिखटपणा येईल, पण आंबवलेली खोल चव कुठून येणार? एखाद्या कृतीत गोचुगारू, म्हणजे कोरियन मिरचीची भरड, सांगितली असेल आणि ती नसेल तर मात्र बेडगीचं तिखट खुशाल वापरा. रंग छान येतो आणि जाळ बेताचा राहतो. विंग्ज सॉसमध्ये घोळवायच्या त्या ताटं मांडल्यावरच.

दाकगांगजाँगला केचप नको, निदान पहिल्या खेपेला तरी. त्यात पाणी भरपूर, आणि ते आटवेपर्यंत बाकीचं करपतं. पसरट कढईत अर्धी वाटी लिक्विड ग्लुकोज, 3 मोठे चमचे सोया सॉस, 1 चमचा ब्राऊन शुगर, 1 चमचा व्हिनेगर, आल्याचे पातळ काप, लसूण, चार-पाच सुक्या लाल मिरच्या आणि हवं तर चमचाभरच गोचुजांग. आता कढईसमोरून हलायचं नाही. सुरुवातीला बुडबुडे बारीक आणि भराभर येतात, त्यात पाणी उकळत असतं. चार-पाच मिनिटांनी ते मोठे, जड आणि संथ होतात, चमचा फिरवला की तळ क्षणभर उघडा दिसतो. बशीत एक थेंब टाकून गार करा आणि बोटांत धरून ओढा. तार यायला हवी, गोळी बनायला नको. गोळीबंद झाला तर विंग्ज एकमेकींना चिकटून ढेकूळ होईल आणि दाताला पाक दगडासारखा लागेल. नुसत्या साखरेवर भिस्त ठेवू नका, ढवळताना ती पुन्हा दाणेदार होते. ग्लुकोज ते होऊ देत नाही. तार आली की कडकडीत विंग्ज घालून अर्धा मिनिट परता, भाजलेल्या शेंगदाण्याची भरड भुरभुरा आणि तेल लावलेल्या ताटात सुट्ट्या पसरून पंख्याखाली ठेवा. पूर्ण गार होण्याआधी डब्यात झाकलं, तर वाफ सगळ्यावर पाणी फिरवते.

मला स्वतःला हाडासकटच्या विंग्जना यांगन्यॉमच शोभतं असं वाटतं. सांध्याच्या फटीत सॉस शिरतो, बोटं माखतात, आणि विंग्ज खाण्याचं सुख त्यातच आहे. दाकगांगजाँग मांडीच्या हाडाविरहित तुकड्यांचं उत्तम होतं, कारण प्रत्येक तुकड्यावर पाक सगळीकडून सारखा बसतो. पण सहलीला न्यायचं असेल, पाहुणे एकेक करून येणार असतील किंवा मुलांचा वाढदिवस असेल, तर विंग्जसुद्धा दाकगांगजाँगच्या पद्धतीनेच करा. यांगन्यॉमला वाट पाहायला लावू नये.

पावसाळ्यात मात्र हा सल्ला थोडा बदलतो. मुंबई-कोकणातल्या जुलैच्या हवेत साखरेचा कोणताही लेप ओलावा ओढून घेतो, आणि मध त्यात सगळ्यांत पुढे. म्हणून त्या दिवसांत दाकगांगजाँगच्या पाकात मध अजिबात घालू नका, तार थोडी पक्की ठेवा आणि गार झाल्याबरोबर घट्ट झाकणाच्या डब्यात भरा. उरलेलं यांगन्यॉम दुसऱ्या दिवशी गरम करायचं तर ओव्हन किंवा एअर फ्रायर 160 अंशांच्या वर नेऊ नका, वरची साखर आधी जळते.

आणि दोन्हींसोबत मुळा हवाच. कोरियात तळलेल्या चिकनबरोबर पांढऱ्या मुळ्याच्या आंबट-गोड फोडी येतात, आणि एवढ्या साखर-तेलानंतर जीभ ताजी करायचं काम त्याच करतात. मुळ्याचे सेंटिमीटरभर चौकोनी तुकडे करा. पाणी, व्हिनेगर आणि साखर समप्रमाणात घेऊन चमचाभर मीठ घाला, एक उकळी आणून गरमच ओता, गार झालं की फ्रीजमध्ये ठेवा. हे आदल्या दिवशीच करा, कारण मुळ्याचा उग्रपणा जायला रात्र लागते.