केशरी, पण पिठूळ

आपल्याला रताळ्याची आठवण होते ती एकादशीला. मोझांबिकच्या खेड्यांत मात्र ते पोट भरायचं अन्न आहे. तिथलं जुनं रताळं आतून पांढरं. पिष्ट भरपूर, पण बीटा-कॅरोटीन जवळजवळ नाहीच. या केशरी रंगद्रव्यापासून शरीर 'अ' जीवनसत्त्व तयार करतं. ते कमी पडलं की मुलांना रातांधळेपणा येतो, गोवर-जुलाबही जिवावर बेततात.

केशरी गराची रताळी अमेरिकेत पूर्वीपासून होती. पण शिजवल्यावर ती पाणचट लागायची, आणि मोझांबिकच्या लोकांना रताळं हवं घट्ट, पिठूळ. गंमत अशी की आफ्रिकेतल्या वाणांत कॅरोटीन वाढलं की पिठूळपणा घटतो, असा अनुभव होता. त्यात रताळ्याचं बेणं म्हणजे वेलाचेच तुकडे. कोरडा हंगाम लांबला, वेल वाळले, की पुढच्या लागवडीला बेणंच उरत नाही. म्हणजे नुसतं पौष्टिक वाण उपयोगाचं नव्हतं, ते दुष्काळात तगायला हवं होतं.

रताळ्याच्या पेशीत गुणसूत्रांचे सहा संच असतात, त्यामुळे संकरातून आलेल्या प्रत्येक बियाचं रोप वेगळं निघतं. हजारो रोपांतून मनासारखं एखादंच सापडतं. पण सापडलं की काम सोपं, कारण वेलाच्या तुकड्यातून तेच गुण जसेच्या तसे उतरतात. रताळ्याची नवी वाणं घडवणाऱ्या शास्त्रज्ञ मारिया आंद्राद यांच्या चमूने रोपांची पारख एकामागून एक ठिकाणी न करता सुरुवातीपासून अनेक ठिकाणी एकदम केली. सात-आठ वर्षांचं काम चारेक वर्षांवर आलं. २०११ मध्ये मोझांबिकमध्ये दुष्काळात तगणारी १५ केशरी वाणं एकदम प्रसारित झाली.

कृषी-अर्थशास्त्रज्ञ जॅन लो यांनी त्याआधीच तिथल्या मुलांचं रक्त तपासून दाखवलं होतं, की केशरी रताळं खाल्ल्यावर 'अ' जीवनसत्त्व खरंच वाढतं. माझ्या मते या गोष्टीतला सगळ्यात भक्कम दुवा हाच. २०१६ चा जागतिक अन्न पुरस्कार या दोघींना, युगांडाचे रताळे-संशोधक रॉबर्ट म्वांगा आणि पिकांतच पोषकता वाढवण्याची मोहीम उभी करणारे हॉवर्थ बोईस यांच्यासह मिळाला.

आपल्याकडेही तिरुअनंतपुरमच्या कंदपीक संशोधन संस्थेचं 'भू सोना' हे केशरी वाण आहे. बीटा-कॅरोटीन अंगी लागायला सोबत थोडा स्निग्धांश लागतो, तेव्हा उपासाचा कीस तुपात परतायला हरकत नाही.