ब्रेकफास्ट राइड आली कुठून?

रविवारी पहाटे साडेपाचला जॅकेट चढवून, हेल्मेट हातात घेऊन जिना उतरताना आमच्या खालच्या मजल्यावरचे काका दूध घ्यायला बाहेर आलेले असतात आणि त्यांचा प्रश्न ठरलेला असतो, "मिसळ खायला सत्तर किलोमीटर? कोपऱ्यावर मिळत नाही का?" प्रश्न शंभर टक्के बरोबर आहे, माझ्याकडे उत्तर नाही. पण आमच्या मोटरसायकल क्लबमध्ये नवीन आलेली पोरं जेव्हा म्हणतात की ब्रेकफास्ट राइड, म्हणजे रविवारी टोळक्याने गाड्या काढून लांब नाश्त्याला जायचं, हे सगळं अमेरिकेतून आलं, तिकडच्या हार्ले कंपनीच्या गाड्यांवाल्यांनी आणलं, तेव्हा मात्र मला राहवत नाही, म्हणून हे एकदा सविस्तर लिहून टाकतोय. जॅकेट बाहेरून आलं, लीड-स्वीप-मार्शल (ताफ्यातला पुढचा, शेवटचा आणि मधे लक्ष ठेवणारा) हे शब्द बाहेरून आले, ते मान्य. बाकीचा ऐवज इथलाच आहे, आणि त्यातला बराचसा मौजमजेसाठी तयारच झालेला नव्हता.

आधी बाहेरचं उरकून घेतो. रविवारी टोळक्याने शहराबाहेर जायचं, कुठेतरी थांबून खायचं आणि परत यायचं ही पद्धत मोटरसायकलच्या आधीची, सायकलवाल्यांची. इंग्लंडमध्ये सायकल टूरिंग क्लब १८७८ मध्ये निघाला, आणि १९०१ मध्ये मोटरसायकलवाल्यांचा क्लब निघाला तेव्हा रविवारच्या 'रन'ची सवय तयारच होती, फक्त पेडल गेलं आणि इंजिन आलं. मग लंडनच्या नॉर्थ सर्क्युलर रोडवरचा एस कॅफे, १९३८ चा, मुळात ट्रकवाल्यांसाठी चोवीस तास उघडा असलेला ढाबाच म्हणा ना, युद्धात बॉम्ब पडला, १९४९ ला परत बांधला आणि पुढे तिथे रॉकर म्हणवणाऱ्या मोटरसायकलवेड्या पोरांचा अड्डा झाला, १९६९ ला बंद, २००१ ला पुन्हा सुरू. हार्लेचा ओनर्स ग्रुप १९८३ चा. म्हणजे कंपनीनेच क्लब काढायचा ही आयडिया तशी अलीकडची, आणि भारतात हार्लेची शोरूम्स उघडली २०१० मध्ये. तोपर्यंत आपल्याकडे लोक चाळीस वर्षं गाड्या काढून भटकत होते, फक्त त्याला राइड म्हणत नव्हते, "चक्कर मारून येऊ" म्हणायचे.

पुण्यापुरतं बोलायचं तर ह्या प्रकाराचं मूळ मला सिंहगडावर दिसतं. पहाटे निघायचं, गड चढायचा, वर पिठलं-भाकरी, कांदाभजी, मडक्यातलं दही, आणि ऊन व्हायच्या आत खाली. आमच्या आधीच्या दोन पिढ्यांनी हे चालत केलं, मग कोणाकडे लूना आली, कोणाकडे स्कूटर, तेव्हा पायथ्यापर्यंत गाडीवर. रविवार, पहाट, घराबाहेरचा नाश्ता आणि दुपारच्या जेवणाला घरी, चारही गोष्टी त्यात आहेत. खडकवासल्याला भजी खाऊन परत येणारे तर चढायचाही त्रास घेत नसत, आणि मी त्यांच्यातलाच, खोटं कशाला बोलू.

आता गाड्या. बुलेट आपल्याकडे आली ती सरकारी कामाला. पन्नासच्या दशकात सीमेवर गस्त घालायला लष्कराला दणकट मोटरसायकल हवी होती, त्यातून रॉयल एनफिल्डच्या साडेतीनशे सीसी बुलेटच्या ऑर्डरी गेल्या, आणि १९५५ मध्ये इंग्लंडच्या रेडिचची मूळ कंपनी आणि मद्रास मोटर्स यांनी मिळून एनफिल्ड इंडिया काढली. गंमत अशी की इंग्लंडमधलं दुकान १९७० च्या आसपास बंद पडलं आणि मद्रासचं चालू राहिलं, इतकं की १९७७ मध्ये आपण उलटी बुलेट इंग्लंडला पाठवायला लागलो. इथे ती फौजदाराकडे असायची, पाटलाकडे, बागायतदाराकडे. डिझेल बुलेट पण होती, ३२५ सीसी, स्पीड बैलगाडीचा आणि आवाज पिठाच्या गिरणीचा, पण ॲव्हरेज असं की दूधवाले खूश.

जावाची कथा वेगळी. मूळ चेक गाडी, जानेचेक हा मालक आणि वाँडरर ही कंपनी, दोघांच्या नावातली पहिली अक्षरं जोडून जावा. म्हैसूरला आयडियल जावाचा कारखाना १९६१ मध्ये सुरू झाला, इराणी कुटुंबाचा, आणि १९७३ पासून गाडीचं नाव येझदी, इराणमधल्या यझ्द शहरावरून. कारखाना १९९६ ला बंद झाला. जावावर बसलेल्या माणसाला विचारा, तो आधी किकबद्दलच सांगेल. किक आणि गिअरचा दांडा एकच, आत दाबून वर फिरवायचा, मारायची, गाडी चालू झाली की तोच दांडा पुढे टाकून गिअर. पहिल्यांदा बघणाऱ्याला वाटतं गाडीचा एक पाय तुटलाय. आणि पेट्रोलमध्ये ऑइल मिसळायचं, त्यामुळे चार जावा पुढे असल्या की मागच्यांनी निळ्या धुरात गायत्री मंत्र म्हणत जायचं.

राजदूत गावाकडे, एस्कॉर्ट्सची, पोलंडच्या डिझाइनवरची, दोन्ही बाजूला दुधाचे कॅन अडकवलेली. बजाजची एम-एटी तर त्याहून कामसू. थोडक्यात काय, मोटरसायकल ही कामाची वस्तू होती, शहरात लोक स्कूटर घ्यायचे, आणि चेतकला तर दहा-दहा वर्षं वेटिंग. ज्या घरात नंबर लागून एक गाडी आलीय ती गाडी रविवारी पोराला भटकायला द्यायचे? नाव काढू नका. क्लब निघायला आधी गाडी स्वस्त व्हावी लागते, निदान सहज मिळावी लागते.

जुन्या बुलेटचा एक प्रसंग सांगतो म्हणजे कळेल की तेव्हा भल्या पहाटे पंधरा जण वेळेवर का जमत नव्हते. चावी फिरवली की ॲमीटरचा (करंट दाखवणाऱ्या डायलचा) काटा हलतो. डाव्या हाताला डिकॉम्प्रेसरचा (इंजिनातला दाब सोडणारा) छोटा लिव्हर, तो दाबून किक हळूहळू खाली न्यायची, काटा बरोबर मध्ये आला की लिव्हर सोडायचा, किक परत वर घ्यायची आणि मग अख्ख्या अंगाने एक दणका. चुकलात तर किक उलटी फिरून घोट्यावर बसते, आणि घोटा आठवडाभर टोमॅटो. त्यात गिअर उजव्या पायाला आणि ब्रेक डाव्या, म्हणजे मित्राची गाडी मागून घेतली तर पहिल्या सिग्नलला ब्रेक समजून गिअर दाबणार. अशी गाडी ज्याला चालू करता यायची तो आपोआप एका मंडळाचा सभासद व्हायचा, मेकॅनिकच्या शेडबाहेर बसायचा, टॅपेट, पॉइंट आणि क्लच प्लेटवर बोलायचा. पुण्यातले आणि मुंबईतले सुरवातीचे बुलेट क्लब हे असे शेडबाहेरच्या कट्ट्यावर जन्मले असं माझं मत आहे, कारण लांब जायचं तर एकट्याने जायची हिंमतच नव्हती. सात गाड्या निघाल्या तर एक तरी बंद पडणार हे गृहीत, मग कोणाकडे केबल, कोणाकडे प्लग, कोणाकडे पाने. ग्रुप राइड ही मुळात हौस नव्हे, विमा होता.

बदललं ते २००० च्या आगेमागे, आणि एकदम बऱ्याच गोष्टी एकत्र बदलल्या. २००१ ला बजाजची पल्सर आली, कर्जावर, लगेच, वेटिंग नाही. हिंजवडीला आयटी पार्क उभं राहिलं आणि पाच दिवसांचा आठवडा आला, हे फार महत्त्वाचं, कारण शनिवार घरच्या कामांना दिला की रविवार सकाळ मागायला तोंड राहतं. याहू ग्रुप, मग ऑर्कुट, त्यामुळे एका शेडवर न येणारी माणसं पण एकमेकांना सापडली. तिकडे एनफिल्ड १९९४ मध्ये ट्रॅक्टर-ट्रकवाल्या आयशरमध्ये विलीन झाली होती तरी धंदा रडतखडतच चालू होता, आयशरच्या मालक घराण्यातल्या सिद्धार्थ लाल यांनी २००० मध्ये सूत्रं घेतली, आणि २००९ च्या शेवटी क्लासिक हे नवं मॉडेल आलं, बटण स्टार्ट, गिअर डावीकडे. संपलं! घोटा सुजायची भीती गेली आणि बुलेट ऑफिसवाल्याची झाली. २०१४ मध्ये वर्षाला तीन लाखांच्या वर गाड्या विकल्या त्यांनी. जुने लोक नाक मुरडतात, पण हे झालं नसतं तर आज रविवारी पुण्याच्या चांदणी चौकात चार म्हातारे आणि एक टोचन एवढंच दिसलं असतं. जावा २०१८ ला परत आली तेव्हा तर सगळं मार्केट तयारच होतं.

मुंबई-पुणे एक्स्प्रेसवे २००२ ला पूर्ण उघडला, दुचाकीला बंदी. पुढे सी लिंकला बंदी, २०२४ च्या अटल सेतूवरही बंदी. शिव्या घालायच्या तेवढ्या घाला पण ह्यानेच आमची राइड गावरस्त्यांवर ढकलली. मुंबईचे क्लब जुन्या हायवेने खोपोलीला येतात, रमाकांतचा वडापाव खातात, शिंग्रोबाच्या देवळाशी गाडी स्लो करून नमस्कार करतात (घाटाची वाट इंग्रजांना त्या धनगराने दाखवली असं सांगतात) आणि वर लोणावळ्याला. आम्ही पुण्याचे ताम्हिणीकडे, भोरकडे, किंवा दिवेघाटातून सासवडकडे, फक्त पालखीच्या दिवसात दिवेघाट नाही, तिथे तेव्हा माउलींचा रस्ता.

आणि नाश्ताच का, जेवण का नाही? ह्यावर लोक फार तत्त्वज्ञान सांगतात. साधं आहे, नऊनंतर ऊन, दहानंतर ट्रॅफिक, आणि एकला घरी मटण. ह्या तीन भिंतींच्या मध्ये जेवढी जागा उरते तिचं नाव ब्रेकफास्ट राइड. टाकी आदल्या रात्री फुल करायची, सव्वासहाला गाड्या हलणार म्हणजे हलणार, पुढे लीड, सगळ्यात मागे स्वीप, त्याच्याकडे पंक्चर किट, मधले सगळे एकाआड एक डावी-उजवी बाजू धरून, म्हणजे पुढच्याने ब्रेक मारला तर समोर मोकळी जागा. ओव्हरटेक एकेकाने. खड्डा दिसला की पाय बाहेर काढून दाखवायचा. हे नियम कागदावर पाश्चात्त्य आहेत, पण आमच्याकडे ते पाठ झाले ते उसाच्या ट्रॉल्यांमुळे. नोव्हेंबर ते मार्च, गाळप चालू, पहाटेचं धुकं, आणि पुढे एका ट्रॅक्टरला दोन ट्रॉल्या, मागे ना लाइट ना रिफ्लेक्टर, नुसते उसाचे वाढे बाहेर आलेले. एकदा आमचा लीड अशा ट्रॉलीपासून हातभर अंतरावर थांबला, मागच्या अकरा जणांनी कचाकच ब्रेक मारले, एकजण शेतात गेला, त्याला काही झालं नाही, गाडीचा हँडल वाकला. त्या रविवारी मिसळ कोणाला गोड लागली नाही. तेव्हापासून हिवाळ्यात आम्ही सात वाजता निघतो. हेल्मेटवरून वाद घालणारा एक पण सभासद आमच्यात नाही, २०१९ च्या जानेवारीत सक्ती आली तेव्हा अख्खं पुणं मोर्चे काढत असलं तरी.

राहिले रस्ते, आणि इथे मला खरंच एक गोष्ट उशिरा कळली. आम्ही ज्याला मस्त वळणावळणाचा, रिकामा रस्ता म्हणतो ते डांबरीकरण बरंचसं २००० च्या डिसेंबरात सुरू झालेल्या पंतप्रधान ग्रामसडक योजनेनंतरचं. पण डांबराच्या खाली जुना थर आहे. पुरंदर तालुक्यात एका फाट्यावर आम्ही नेहमी थांबतो, पत्र्याची टपरी, वडे आणि चहा, मालकाचे वडील बाजेवर बसलेले असतात. मागच्या हिवाळ्यात मी सहज म्हटलं, आबा, रस्ता एक नंबर झालाय तुमचा. ते म्हणाले, "ह्याची खडी आम्ही फोडलीय, बहात्तरला."

बहात्तरचा दुष्काळ. शाळेत दोन ओळीत संपवतात तो. रोजगार हमीची कल्पना विधान परिषदेचे तेव्हाचे सभापती वि. स. पागे यांची, कायदा १९७७ चा, पण दुष्काळी कामं त्याआधीच जिल्ह्याजिल्ह्यात चालू होती, रस्ते, पाझर तलाव, बंडिंग. आबा सांगत होते, घरातली सगळी यायची, बायका पाट्या वाहायच्या, उन्हात बसून दगडावर दगड, आणि कामावर मिळायची सुकडी (दुष्काळात वाटायचा कोरडा पौष्टिक खाऊ), घरी परदेशातून आलेली लाल मिलो ज्वारी. म्हणजे ह्या रस्त्यावर खाल्लेला पहिला नाश्ता सुकडीचा. माझ्या हातातला वडा जरा जड झाला हे कबूल करतो.

मग ते उठून आमच्या गाड्यांपाशी आले. हजेरी तपासायला ओव्हरसियर बुलेटवर यायचा म्हणे, आवाज दोन टेकड्यांपलीकडून कळायचा आणि झाडाखाली टेकलेले सगळे पटापट कामाला लागायचे. त्यांनी एका क्लासिकच्या टाकीवर हात ठेवला आणि चालू करून दाखव म्हणाले. पोराने बटण दाबलं. आबांनी मान तिरकी करून नीट ऐकलं आणि म्हणाले, "न्हाय. ह्याला कोण उठंल?"

झालं, आमच्यातल्या जुन्या, बीडाच्या (ओतीव लोखंडाच्या) इंजिनाच्या बुलेटवाल्याला एवढंच हवं होतं, तो "बघा मी काय सांगत होतो" करत बसला, क्लासिकवाला चिडला, दोन चहा वाढले, कोणी सायलेन्सरवर गेलं कोणी फ्लायव्हीलवर, आबा मधूनमधून तेल ओतत होते. घरी पोचलो तेव्हा पावणेदोन वाजले होते आणि मटण गार झालं होतं.