कापसाच्या धाग्याची वाढ आणि त्यामागचे जीन्स (जनुकं)

कापसाचा धागा म्हणजे सरकीच्या सालीवरची एकच, प्रचंड लांबलेली पेशी. फूल उमलतं त्या दिवसाच्या आसपास बीजांडाच्या (ज्याची पुढे सरकी होते) बाहेरच्या थरातल्या साधारण पाव हिस्सा पेशी फुगून वर येतात, आधी उठलेल्यांची रुई होते आणि काही दिवस मागून येणाऱ्यांची ती आखूड लव, जी जिनिंगनंतरही सरकीला चिकटून राहते. पुढे तीनेक आठवडे लांबी वाढते, ती थांबायच्या आतच सेल्युलोजचा (ज्याची पेशीची भिंत बनते) जाड थर बसायला लागतो, आणि पन्नासेक दिवसांनी बोंड फुटतं. (बीटी जीनचा ह्या सगळ्याशी काही संबंध नाही, तो बोंडअळीसाठी.)

कोणत्या पेशीने उठायचं हे मुख्यतः एमवायबी कुटुंबातले जीन्स (इतर जीन्स चालू-बंद करणारे) ठरवतात. एमवायबी-२५ दाबला, म्हणजे त्याचं काम रोखलं, तर धागे उशिरा उठतात आणि आखूड राहतात, पण त्याचाच भाऊबंद एमवायबी-२५-लाइक दाबला तर सरकी चक्क टकली निघते, हे २०११ मध्ये दिसलं. लांबीसाठी एचओएक्स-३ हा जीन महत्त्वाचा, जिबरेलिन ह्या वाढीच्या हार्मोनचा निरोप त्याच्यामार्फत पोचतो. पेशी ताणली जाते ती आतल्या पाण्याच्या दाबाने, त्यासाठी शेजारच्या पेशींकडे जाणाऱ्या बारीक वाटा काही दिवस बंद होतात, साखर आणि पोटॅशियम आत साठतं, आणि एक्सपान्सिन प्रथिनं भिंत सैल करतात. १९२९ मध्ये नोंदलेल्या लिगॉन लिंटलेस-१ ह्या जीन बिघडलेल्या कापसाच्या झाडात धागा जेमतेम काही मिलिमीटरच वाढतो, त्यामागे अ‍ॅक्टिनच्या (पेशीच्या आतल्या सांगाड्याचं प्रथिन) जीनमधला एका अमिनो आम्लाचा बदल आहे हे कळायला मात्र जवळपास नव्वद वर्षं गेली. जाड थराचं काम सीईएसए-४, ७ आणि ८ ह्या सेल्युलोज बनवणाऱ्या जीन्सकडे. वनस्पतींमधले सेल्युलोज बनवणारे जीन्स पहिल्यांदा सापडले तेही कापसाच्या धाग्यातच, १९९६ मध्ये.

खरा वाद कापसाच्या उगमाचा. आज सगळ्यात जास्त पिकणारा कापूस, गॉसिपियम हिर्सुटम, हा ए आणि डी अशा दोन जीनोमचा (जीन्सच्या पूर्ण संचांचा) जोडसंकर, अंदाजे दहा ते वीस लाख वर्षांपूर्वीचा, ५२ गुणसूत्रांचा. डी बाजूला रायमोंडाय हा जंगली कापूस सगळ्यात जवळचा, ह्यावर फारसं दुमत नाही. ए बाजूला कोणी आर्बोरियम ही कापसाची जात धरायचं तर कोणी हर्बेशियम, पण २०२० मध्ये जीनोम शेजारी शेजारी ठेवून मांडलेलं मत असं की दोघंही नाहीत, दोघांचा आता नामशेष झालेला पूर्वज तो, आणि सध्या तरी हेच जास्त पटतं. त्याहून मोठं कोडं म्हणजे डी गटाच्या जंगली जातींना कातण्याजोगा धागाच नसतो, तरी १९९८ च्या अभ्यासात हिर्सुटमच्या धाग्याचे गुण ठरवणाऱ्या जागा डी गुणसूत्रांवरच जास्त सापडल्या. एक स्पष्टीकरण असं की ए बाजूचे धाग्याचे जीन्स आधीच बरेच घासूनपुसून झालेले होते, जोड झाल्यावर सुधारणेला वाव उरला तो डी बाजूला, आणि माणसाने निवड करताना नकळत तोच वापरला. नंतरच्या जीन्सच्या नकाशांत दोन्ही बाजूंच्या जागा आल्या, त्यामुळे धागा ए चा आणि दर्जा डी चा ही सुटसुटीत वाटणी धरून चालू नये.

तपकिरी कापसात रंग टॅनिन (चहातल्यासारखं तुरट द्रव्य) बनवणाऱ्या मार्गातून येतो, टीटी-२ वर्गातला एक एमवायबी तिथे चालू असतो.