कढईतला विसर्ग

पावसाळ्यात सांगलीत दोनच प्रश्न चालतात. कृष्णेवरच्या आयर्विन पुलाला पाणी किती झालं आणि कर्नाटकातल्या अलमट्टी धरणातून विसर्ग किती चाललाय. 40 फूट म्हणजे इशारा पातळी, 45 म्हणजे धोका, आणि आवक जास्त विसर्ग कमी असलं की पाणी चढणारच, हे गणित इथल्या शेंबड्या पोरालाही कळतं. मला पण कळतं. फक्त घरी फ्राइड राइस करताना हे आठवायला माझी पाच-सहा वर्षं गेली.

झालं असं की मागच्या पावसाळ्यात बहीण, भाऊजी आणि त्यांची पोरं आलेली, बाहेर धो धो पाऊस, पोरांना चायनीजच पाहिजे आणि विश्रामबागच्या गाड्यावर जायची कोणाची तयारी नाही. म्हटलं घरी करतो. सॉसच्या तीन बाटल्या, शेजवान चटणी, गरम गरम इंद्रायणीचा भात, पाऊण किलो चिरलेली भाजी, सगळं एकाच मोठ्या कढईत घातलं, गॅस फुल्ल केला आणि परतत बसलो. पाच मिनिटांनी कढईत रस्सा दिसायला लागला, दहा मिनिटांनी भात चमच्याला चिकटून गोळा झाला. आई ताट घेऊन आली, एक घास खाल्ला आणि म्हणाली, "चांगलाय की मसालेभात. जरा औषधासारखा वास येतोय एवढंच."

आता चूक कुठे झाली तर आपण सगळे सॉसवर संशय घेतो, गाडेवाला काहीतरी वेगळं घालत असणार म्हणून. खरा घोळ पाण्याचा आहे. कोबी, सिमला मिरची, कांदापात यांच्यात वजनाच्या 90 टक्क्यांच्या आसपास पाणीच असतं, तापल्यावर पेशी फुटतात आणि ते बाहेर यायला लागतं. ही झाली आवक. ते पाणी वाफ होऊन जातं तो विसर्ग. आणि हा विसर्ग भयंकर महाग आहे. 1 ग्रॅम पाणी 30 अंश सेल्सियसवरून 100 अंशांपर्यंत तापवायला साधारण 293 ज्यूल लागतात, पण 100 अंशांवरच्या त्याच 1 ग्रॅमची वाफ करायला 2257 ज्यूल, म्हणजे साडेसात पटीपेक्षा जास्त. पाणी उकळायला लागलं म्हणजे काम झालं असं वाटतं ना, काम तिथून सुरू होतं.

हिशोब करून बघू. घरच्या गॅसचा मोठा बर्नर ढोबळमानाने 3 किलोवॅटचा धरा, त्यातली 60 टक्के उष्णता भांड्यात जाते आणि बाकीची किचन तापवते, म्हणजे हातात राहिले 1.8 किलोवॅट. भाजीतून 100 ग्रॅम पाणी सुटलं तर त्याची वाफ करायला सव्वादोनशे किलोज्यूल, म्हणजे दोन मिनिटांच्या वर. तोवर भाजी उकडत राहते, अजून पाणी सोडते, आणि कढईत पाणी आहे तोपर्यंत तळाशी असलेल्या भाजीचं तापमान 100 अंशांच्या वर काही केल्या जात नाही. आणि इथेच सगळं मुसळ केरात, कारण भाजलेला खमंग वास ज्या रासायनिक क्रियेतून येतो ती साधारण 140 अंशांच्या पुढे जोरात चालते. साखर आणि अमिनो आम्लं एकत्र येऊन शेकडो वासाची रसायनं तयार होतात, 1912 मध्ये लुई कामीय मायार या फ्रेंच माणसाने ती पहिल्यांदा नीट मांडली म्हणून तिला मायार क्रिया म्हणतात. भाकरीला पडलेले डाग, भाजलेल्या शेंगदाण्याचा वास, सगळं तेच. ओल्या कढईत ती होत नाही. ओल्या कढईत फक्त उकडलेली भाजी होते.

गाड्यावर हे का होत नाही? एकतर तिथली हाय प्रेशर शेगडी. आपल्या घरच्या सिलिंडरचा रेग्युलेटर गॅसचा दाब अगदी कमी करून सोडतो, गाड्यावर दाब जास्त, नोझल मोठं, त्यामुळे आपल्या कितीतरी पट जाळ येतो, तो भुर्र आवाज लांबूनच ऐकू येतो बघा. दुसरं म्हणजे, आणि हे मला तिथे उभं राहून पार्सलची वाट बघताना कधी दिसलंच नव्हतं, तो एका वेळी एक नाहीतर दोन प्लेटच करतो. दहा माणसं खोळंबली तरी दहा प्लेट एकदम टाकत नाही. एवढा जाळ असून तो दोन प्लेट करतो आणि आम्ही त्याच्या पावपट जाळावर सात माणसांचं एकदम करतो.

आता गंमत बघा. गाड्यावरची कढई पातळ पत्र्याची असते, त्यामुळे लोक उत्साहाने तसली ऑनलाइन मागवतात, मीपण मागवलेली. पण पातळ कढई त्यांच्यासाठी बरोबर आहे, कारण खालून जाळाचा अखंड पुरवठा आहे, कढईने फक्त तो पुढे पाठवायचा. आपल्याकडे पुरवठाच कमी, मग आपल्याला धरण लागतं. म्हणजे आजीची जाड लोखंडी कढई! 2 किलोची लोखंडी कढई रिकामीच चार-पाच मिनिटं तापवून 250 अंशांवर नेली, तर ती 100 अंशांवर उतरेपर्यंत सुमारे 135 किलोज्यूल देऊ शकते, त्यात 60 ग्रॅम पाण्याची वाफ होते, गॅसची मदत वेगळीच. म्हणजे भाजी टाकल्या टाकल्या पहिल्या मिनिटात जो दणका पाहिजे तो बर्नरमधून नाही, लोखंडात साठवलेल्या उष्णतेतून येतो. पातळ कढईत भाजी टाकली की ती लगेच गार पडते आणि आपला बर्नर तिला परत वर आणू शकत नाही.

कढई तापली हे ओळखायला थर्मामीटर नको. पाण्याचे चार थेंब शिंपडा. चर्र होऊन लगेच उडाले तर अजून थांबा, थेंब पाऱ्यासारखे गोल होऊन कढईभर पळायला लागले की साधारण 200 अंशांच्या पुढे गेली म्हणायची. थेंबाखाली वाफेची गादी तयार होते आणि थेंब धातूला टेकतच नाही, लायडेनफ्रॉस्ट नावाच्या जर्मन डॉक्टरने 1756 मध्ये हे लिहून ठेवलंय, आपल्या आज्या डोशाच्या तव्यावर रोजच करतात. थेंब उडून कढई कोरडी झाल्यावरच तेल, आणि तेल रिफाइंड घ्या. आमच्या घरी घाण्याचं शेंगतेल येतं, चवीला एक नंबर, पण ते 160 अंशांच्या आसपासच धूर सोडायला लागतं, रिफाइंड शेंगतेल 230 पर्यंत तग धरतं. आणि नॉनस्टिक पॅन मात्र यात चुकूनही वापरू नका, त्याचं कोटिंग 260 अंशांच्या पुढे खराब व्हायला लागतं आणि अजून तापलं तर त्यातून विषारी वाफा निघतात, रिकामा पॅन मोठ्या गॅसवर तिथे बघता बघता पोचतो.

भाताचं शास्त्र तर आपल्याला आधीच माहितीये, फक्त चायनीजच्या वेळी विसरतो. फोडणीचा भात कोणी ताज्या भाताचा करतं का? शिळाच लागतो. भात शिजताना दाण्यातलं स्टार्च पाणी पिऊन फुगतं, त्याचे लांब धागे मोकळे होतात, म्हणून ताजा भात मऊ आणि चिकट. गार झाला की तेच धागे, त्यातले अमायलोज नावाच्या प्रकारातले तर पहिले, परत एकमेकांना बिलगून घट्ट बसतात आणि दाणा कडक होतो. फ्रिजच्या 4 अंशांच्या आसपास हे सगळ्यात झपाट्याने होतं, शिवाय वरचं पाणीही सुकतं, म्हणजे आवक आणखी कमी. तांदूळ पण बघून घ्यायचा, इंद्रायणीत अमायलोज कमी, ती चिकटणारच, तिला वरणाबरोबर सुखाने राहू द्या. जुना कोलम नाहीतर बासमती घ्या.

पण एक गोष्ट गंभीरपणे सांगतो. शिळा म्हणजे रात्रभर ओट्यावर झाकून ठेवलेला नव्हे. बॅसिलस सेरियस नावाचा जिवाणू असतो, त्याचे बीजाणू भात शिजला तरी मरत नाहीत, कोमट भातात ते जागे होतात, वाढतात आणि एक विष सोडतात, जे नंतर कितीही परतलं तरी मोडत नाही. खाल्ल्यावर काही तासांत उलट्या. 1970 च्या दशकात इंग्लंडमधल्या चायनीज हॉटेलांतल्या फ्राइड राइसने अशी माणसं आजारी पडली, तेव्हापासून या दुखण्याला फ्राइड राइस सिंड्रोमच म्हणतात. तेव्हा भात झाला की परातीत पसरा, पंखा लावा, तासाभरात फ्रिजमध्ये टाका. संध्याकाळचं चायनीज सकाळीच ठरवायचं, एवढाच त्याचा त्रास.

आणि तो कढई उडवण्याचा प्रकार? मला वाटायचं गिऱ्हाईक खूश करायला करतात. अमेरिकेत जॉर्जिया टेकच्या दोन संशोधकांनी तैवान आणि चीनमधल्या पाच आचाऱ्यांचं शूटिंग करून 2020 मध्ये पेपर छापला, आचारी सेकंदाला सुमारे 2.7 वेळा भात उडवतात आणि कढई उचलून नाही, शेगडीच्या कडेवर टेकवून सी-सॉसारखी मागेपुढे झुलवतात. भात हवेत जातो तेव्हा त्याची वाफ निघून जाते आणि दाणा जरा निवतो, परत तळाला आला की भाजतो, म्हणजे भयंकर जाळ असून करपत नाही. शिवाय उडालेले तेलाचे बारीक थेंब जाळात पेटतात, त्याचा तो धुरकट वास, कँटोनी लोक त्याला वॉक हेई म्हणतात, कढईचा श्वास. हा घरी पूर्ण येत नाही, मी मान्य करून टाकलंय, आणि पडद्याशेजारी तेल पेटवून बघायची माझी इच्छा नाही. आपल्या जाळावर कढई सारखी उचलली तर ती उलट गार होते. आपण कढई बर्नरवरच ठेवायची, उलथन्याने परतायचं, मधे दहा-पंधरा सेकंद हात लावायचाच नाही, डाग पडू द्यायचे.

बाकी मग सोपं आहे. एका घाण्यात दोन प्लेट, त्याच्यावर एक पण नाही. भाजी चिरून धुवायची नाही, धुऊन पुसून चिरायची. मीठ शेवटी, कारण मीठ लागलं की भाजी पाणी सोडते, मंचुरियनच्या कोबीला आपण मुद्दाम मीठ लावून पिळतो ते याच गुणासाठी. सोया सॉस भातावर न ओतता कढईच्या तापलेल्या कडेवरून सोडायचा, त्यातलं पाणी तिथेच उडतं आणि आईला आलेला तो औषधी वास पण जातो, उरतो भाजलेला खमंगपणा. लाल रंगाला मार्केट यार्डातली ब्याडगी मिरची भिजवून वाटा, रंग बक्कळ, तिखट बेताचं.

अजिनोमोटोबद्दल विचारणारच तुम्ही. 1908 मध्ये टोकियोत किकुनाए इकेडा या रसायनतज्ज्ञाने कोंबू नावाच्या समुद्री शेवाळाच्या सारातून ग्लुटामेट वेगळं काढलं, त्या चवीला उमामी म्हटलं, पुढच्याच वर्षी ते अजिनोमोटो या नावाने बाजारात आलं. पिकलेल्या टोमॅटोत हेच ग्लुटामेट असतं, टोमॅटोचं सार चमचाभर जास्त पिलं जातं त्यात त्याचाही हात आहे. 1968 मध्ये एका अमेरिकी वैद्यकीय नियतकालिकात एका डॉक्टरचं पत्र आलं, चायनीज खाल्ल्यावर मान बधिर होते, छातीत धडधडतं, तिथून बदनामी सुरू झाली. नंतर खाणाऱ्याला न सांगता चाचण्या घेतल्या तेव्हा जेवणातल्या नेहमीच्या प्रमाणाला हा त्रास पक्का जोडता आला नाही. सोडियम म्हणाल तर मिठात 39 टक्के, यात 12. मी दोन प्लेटला दोन चिमटी टाकतो, बायको टाकत नाही, दोघांचा राइस संपतो.

मंचुरियनचं एवढंच सांगतो की त्याचा मंचुरियाशी काही संबंध नाही. 1975 मध्ये मुंबईच्या क्रिकेट क्लब ऑफ इंडियात नेल्सन वांग यांनी ते काढलं, आलं-लसूण-हिरवी मिरची आपली, गरम मसाल्याच्या जागी सोया सॉस आणि कॉर्नफ्लोअर. आणि प्लेटमध्ये शेवटी शेवटी ग्रेव्ही पाणी का होते ते कळलं तेव्हा मला फार आनंद झाला होता, ती आपल्या थुंकीमुळे होते. लाळेत स्टार्च तोडणारं अमायलेज असतं, चमचा तोंडातून प्लेटमध्ये, प्लेटमधून तोंडात, तेवढं पुरतं. हे मी पंगतीत सांगितलं आणि भाच्याने प्लेट बाजूला सरकवली.

परवा पुन्हा केलं, लोखंडी कढई, सकाळचा कोलम, दोन-दोन प्लेटचे घाणे. आंबोळ्या खातो तसं, जो पुढे बसेल त्याने खायचं आणि उठायचं. पहिले दोन घाणे मस्त झाले. तिसऱ्याला भाच्याला भूक अनावर झाली म्हणून त्याच्या आग्रहाखातर उरलेलं सगळं एकदम टाकलं, आणि आई ओट्यापाशी येऊन कढईत डोकावून म्हणाली, "पाणी चढतंय बघ."