क्षेत्रफळ आणि रंगांचा तोल: संगणकावरील भौमितिक रंगसंगतीची पार्श्वभूमी

एलिमेंटरी आणि इंटरमिजिएट या शासकीय रेखाकला परीक्षांना बसणाऱ्या पुण्यातील मुलांना संकल्पचित्राच्या निमित्ताने चौकोन, वर्तुळ, त्रिकोण मांडून त्यांत सपाट पोस्टर रंग भरण्याचा सराव शाळेतच होतो. हीच मुले पुढे संगणकावर फोटोशॉप, गिंप किंवा कोरलड्रॉ या चित्रप्रणाली हाताळू लागतात तेव्हा आकार ओळखीचे असतात. गोंधळ होतो तो रंग निवडताना. याचे कारण असे, की या प्रणालींतील आकार चित्रकला आणि भूमितीच्या परंपरेतून आले, तर रंगांचे आकडे पडद्याच्या अभियांत्रिकीतून आले. हे दोन प्रवाह जेथे जुळत नाहीत तेथेच रंगसंगतीचा तोल बिघडतो.

रंगांना वजन असते ही कल्पना जुनी आहे. न्यूटनने १७०४ साली प्रसिद्ध केलेल्या प्रकाशविषयक ग्रंथात रंग वर्तुळावर मांडले आणि मिश्रणाचा रंग त्या वर्तुळातील गुरुत्वमध्यावरून काढण्याची रीत सांगितली. पॅरिसच्या गोबेलँ या भित्तिपट विणणाऱ्या कारखान्यातील रंगकामाचे प्रमुख शेव्हरल यांच्याकडे काळे धागे पुरेसे काळे दिसत नाहीत अशी तक्रार आली, तेव्हा दोष धाग्यात नसून शेजारच्या रंगात आहे हे त्यांच्या लक्षात आले आणि १८३९ मध्ये त्यांनी त्यावर सविस्तर ग्रंथ लिहिला. त्याआधी १८१६ मध्ये शोपेनहाउअर या तत्त्वज्ञाने प्रत्येक रंगाच्या उजळपणाला अपूर्णांक दिले होते: पिवळ्याला तीन चतुर्थांश, नारिंगीला दोन तृतीयांश, तांबड्याला आणि हिरव्याला निम्मा, निळ्याला एक तृतीयांश, जांभळ्याला एक चतुर्थांश.

हे अपूर्णांक पुढे जर्मनीतील बाउहाउस या कलाशाळेच्या इटेन यांनी ९, ८, ६, ६, ४, ३ अशा पूर्णांकांत मांडून रूढ केले, मात्र श्रेय जर्मन कवी गटेला दिले. इटेन १९१९ ते १९२३ या काळात वायमार येथे पायाभूत अभ्यासक्रम शिकवत होते. त्यांच्या हिशेबात क्षेत्रफळ उजळपणाच्या व्यस्त प्रमाणात असते. म्हणून पिवळ्याच्या एका भागाला जांभळ्याचे तीन भाग लागतात, नारिंगीच्या एका भागाला निळ्याचे दोन, आणि तांबडा-हिरवा सारखे पुरतात. हे प्रमाण फक्त शुद्ध, तेजस्वी रंगांना लागू आहे. रंग फिका किंवा मळकट केला की हिशेब बदलतो, आणि शिकवताना नेमकी हीच अट गाळली जाते. अमेरिकेत मन्सेल यांनी १९०५ साली या अटीलाही जागा करून दिली. रंगाची उजळपणाची पातळी आणि तीव्रता यांचा गुणाकार करावा आणि क्षेत्रफळे त्या गुणाकाराच्या व्यस्त प्रमाणात ठेवावीत, असा त्यांचा नियम होता. उजळपणा सारखा आणि तीव्रता दुप्पट असेल, तर त्या रंगाला निम्मी जागा पुरते. माझ्या मते संगणकावर काम करणाऱ्याला इटेनपेक्षा मन्सेलच अधिक उपयोगी आहेत. बाउहाउसचेच आल्बर्स यांनी १९५० पासून एकात एक चौकोन ठेवून चित्रमालिका रंगवली आणि शेजार बदलला की तोच रंग वेगळा दिसतो हे दाखवून दिले.

पुण्याला सपाट रंगक्षेत्रांची ओळख छपाईतून फार आधी झाली होती. १८७८ मध्ये विष्णुशास्त्री चिपळूणकरांनी स्थापन केलेल्या चित्रशाळेतून देवादिकांची आणि ऐतिहासिक व्यक्तींची रंगीत शिळाछाप चित्रे निघत. शिळाछापात प्रत्येक रंगासाठी वेगळी शिळा लागते, त्यामुळे कोणता रंग किती जागा घेणार हे आधीच ठरवावे लागे.

संगणकाकडे आकार आधी आले, रंग नंतर. सदरलँड यांच्या १९६३ च्या स्केचपॅड या रेखाटन-प्रणालीमध्ये केवळ रेषा आणि वर्तुळे होती. झेरॉक्सच्या संशोधन केंद्रात रिचर्ड शूप यांनी १९७३ मध्ये रंगीत चित्रप्रणाली उभी केली, आणि १९७८ मध्ये आल्वी रे स्मिथ यांनी ह्यू (रंगछटा), सॅच्युरेशन (रंगाची शुद्धता) आणि व्हॅल्यू (उजळपणा, म्हणजेच ब्राइटनेस) ही मांडणी प्रसिद्ध केली. १९८४ चे मॅकपेंट पुन्हा कृष्णधवलच होते. पुढे १९८७ मध्ये इलस्ट्रेटर, १९८९ मध्ये कोरलड्रॉ, १९९० मध्ये फोटोशॉप आले; फोटोशॉपला थर (लेयर, म्हणजे चित्राचे स्वतंत्रपणे हाताळता येणारे पदर) १९९४ मध्ये मिळाले, तर आकारांचे स्वतंत्र थर २००० मध्ये.

स्मिथ यांची मांडणी झटपट गणितासाठी सोयीची होती, पण डोळ्याला काय दिसते याचा विचार तिच्यात नव्हता. तिच्यात शुद्ध पिवळा आणि शुद्ध निळा या दोघांचाही ब्राइटनेस १०० टक्के भरतो. प्रत्यक्षात पडद्यावरील पांढऱ्याच्या तुलनेत तो पिवळा सुमारे ९३ टक्के प्रकाश देतो आणि निळा जेमतेम ७ टक्के. फोटोशॉपमधील डिसॅच्युरेट (रंग काढून टाकणे) ही आज्ञा दोघांना एकच करडी छटा देते. ग्रेस्केलमध्ये (करड्या छटांत) रूपांतर केले तरच खरा फरक दिसतो. म्हणून तोल तपासायचा असेल तर ग्रेस्केलचाच मार्ग धरावा. गिंपमध्ये रंग काढून टाकताना ल्युमिनन्स (डोळ्याला जाणवणारा प्रकाश) हा पर्याय निवडता येतो.

डोळ्याशी जुळणारे आकडे तोवर तयार झाले नव्हते असे नाही. १९७६ साली आंतरराष्ट्रीय प्रदीपन आयोगाने लॅब (L*a*b*) ही रंगांची मापनपद्धती स्वीकारली होती. तिच्यात वरील पिवळ्याचा उजळपणा सुमारे ९७ आणि निळ्याचा ३२ येतो. फोटोशॉपच्या रंगखिडकीत हे आकडे कोपऱ्यात दिसतातही, पण नवशिक्यांची नजर तिकडे क्वचित जाते. २०२० मध्ये ब्योर्न ओटोसन यांनी मांडलेली ओकेलॅब ही पद्धती त्याच दिशेची असून आता वेबच्या रंगमानकांतही आली आहे.

काम छापायचे असेल तर आणखी एक टप्पा उरतो. अप्पा बळवंत चौकाच्या आसपास लग्नपत्रिका किंवा गणेशोत्सवाचे पावतीपुस्तक छापायला दिले की पडद्यावरचे तीन रंग (लाल, हिरवा, निळा) छपाईच्या चार शाईंत (सीएमवायके, म्हणजे निळसर, किरमिजी, पिवळी आणि काळी) उतरतात. शुद्ध निळा त्या शाईंच्या आवाक्याबाहेर असतो. तो मंदावतो आणि बहुधा जांभळटही होतो, पिवळा मात्र बराचसा टिकतो. पडद्यावर बसवलेले प्रमाण त्यामुळे कागदावर जसेच्या तसे उरत नाही, आणि चौकोन-वर्तुळांचे आकार सीएमवायके रूपांतर केल्यानंतरच पक्के करावे लागतात.