‘मोरओव्हर’ घातलं की निबंध जुळतो का?

परीक्षा जवळ आली की बेळगाव, खानापूर, निपाणीकडच्या ग्रुपवर एक सल्ला फिरतो : इंग्रजी निबंधाचा प्रत्येक परिच्छेद ‘मोरओव्हर’, ‘फर्दरमोअर’, ‘हाउएव्हर’ अशा शब्दाने सुरू करा, गुण वाढतात.

हे खरं नाही. समज मात्र उगाच पसरलेला नाही. मराठी माध्यमातल्या मुलांना हाताशी काहीतरी पक्कं हवं असतं. पण हे शब्द मुद्द्यांमधलं नातं दाखवतात, तयार करत नाहीत. ‘मोरओव्हर’ आधीच्याच मुद्द्यात भर घालतो, ‘हाउएव्हर’ उलट बाजू आणतो. अदलाबदल झाली की वाचणारा गोंधळतो.

मलप्रभा नदीवरचा निबंध घ्या. पहिला परिच्छेद कणकुंबीच्या उगमावर आणि खानापूरच्या पावसावर संपला. दुसरा ‘हेच पाणी पुढे सौंदत्तीजवळच्या धरणात अडवलं आहे’ या अर्थाच्या इंग्रजी वाक्याने सुरू केला, तर ‘हेच पाणी’ एवढ्यानेच दोन्ही परिच्छेद बांधले जातात.

पडताळा घरीच घेता येतो. जोडशब्द बोटाने झाका. आधीच्या परिच्छेदाचं शेवटचं आणि पुढच्याचं पहिलं वाक्य सलग वाचा. संबंध कळला, तर शब्द ठेवा किंवा काढा, बिघडत नाही. नाही कळला, तर वाक्य बदला, नाहीतर परिच्छेदांचा क्रम.